दादा, तुझे डबे सापडले

दादा,

या रविवारी तुझा खेळ झाला. तू नव्हतास, तरी झाला. हे आधी सांगते, कारण तुला तेवढीच काळजी लागून राहिली असणार. पंधरवड्यापूर्वी शुक्रवारी संध्याकाळी तू बागेत डबे लपवून आलास, शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसलास आणि उठलाच नाहीस. माणसानं जावं तर निदान आवरून तरी जावं. तुझं सगळंच अर्धवट. डबे बागेत, चष्मा टीव्हीवर, आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पोटात.

तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. मग खेळाला येणाऱ्या पोरांच्या आयांचे वहिनीला फोन सुरू झाले. सरांनी लपवलेले डबे तसेच आहेत, पोरं विचारतात, काय करायचं? वहिनीनं मला लातूरला फोन करून विचारलं. मी म्हटलं, उचलून आणा आणि द्या भंगारात. वहिनी म्हणाल्या, "ताई, उचलाया तरी ते कुठं ठिवलेत हे शोधावंच लागंल की." मला हसू आलं रे. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. लातूरहून नांदेडला येताना दर वेळी अहमदपूरच्या आसपास तुझा फोन यायचा. "अहमदपूर आलं का? चहा घे, उतरू नको, गाडी सुटंल." मी या रस्त्यानं किती वर्षं ये-जा करतेय, मला काय अक्कल नाही? दर वेळी मी चिडायची आणि दर वेळी तू विचारायचास. रविवारी अहमदपूरला गाडी थांबली, भेळवाले चढले, उतरले. मी उगीच मोबाइल हातात धरून बसले होते. गाडी सुटली तरी पर्समध्ये टाकवेना.

तुझा हा खेळ सुरू झाला तेव्हा मी तुला काय काय बोलले होते, आठवतं ना? भूगोलाचा मास्तर, पोरीच्या लग्नाचं वय झालेला माणूस, आणि सुट्टीच्या दिवशी प्लास्टिकचे डबे घेऊन नदीकाठच्या बागेत फिरतोय. म्हटलं, वहिनी, यांना दाखवा कुणाला तरी. तू मात्र लई खुशीत. मोबाइलमध्ये अक्षांश-रेखांशाचे आकडे टाकायचे, बाण दाखवेल तिकडं वाळूच्या पायवाटेनं चालत जायचं, आणि शेवटच्या चार पावलांवर मोबाइलही हात टेकतो तिथं कोडं सोडवायचं. "पानं कडू, सावली गोड, घाटाकडच्या फांदीवर हात फिरवा." असली तुझी कोडी. डब्यात गोट्या, चिंचोके, शिंपले, एसटीची जुनी तिकिटं. एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची, आणि पुढच्यासाठी डबा होता तसा लावून जायचं.

एकट्यानं यायला बंदी. आख्ख्या घरानं यायचं. मोबाइल घरातल्या सर्वांत लहानानं धरायचा, कोडं सर्वांत म्हाताऱ्यानं वाचायचं, बापानं मधे बोलायचं नाही. बापानं मधे बोलायचं नाही हा नियम ऐकून बायका टाळ्या वाजवायच्या. आणखी एक नियम होता: दगड उचलायचा नाही, वाळू उकरायची नाही. जे काय असेल ते उघड्यावर, हाताच्या उंचीवर. एकदा एका हौशी बापानं तुला समजावलं होतं की सर, जगभर लोक दगडाखाली लपवतात, त्यातच मजा असते. तू असा भडकलास की तो बिचारा बायकोच्या मागं जाऊन उभा राहिला. "माझ्या खेळात न्हाई!" एवढंच म्हणालास. त्याला काही कळलं नाही. मला कळलं होतं.

आपली भांडणं त्याच्यावरून नव्हती. भांडण माझ्या क्लासवरून. मी लातूरला बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, रविवारी त्यांची टेस्ट घेते, आणि तुला ते कधी पटलं नाही. एकदा तू न सांगता क्लासला येऊन टपकलास. मी म्हटलं, हे माझे मोठे भाऊ, नांदेडला शिक्षक आहेत. झालं, तुला खडू मिळाला! पोरांना म्हणालास, डोळे मिटा आणि आपापलं गाव ज्या दिशेला आहे तिकडं हात करा. वर्गभर हात वर झाले, आणि जितकी पोरं तितक्या दिशा. निलंग्याच्या पोरीचा हात परभणीकडं, उदगीरच्या पोराचा हात छताकडं. पोरं खो खो हसली. मी मात्र संतापले. बाहेर आल्यावर म्हटलं, दादा, ही पोरं डॉक्टर व्हायला आलीत, गाव कुठं आहे ते कंडक्टरला माहीत असतं. तू म्हणालास, "बबे, डॉक्टर होतील गं. पन आपन कुठं उभं हावोत हे कळाया नको व्हय?" मी त्यावर तुला चांगलं सुनावलं. हॉस्टेलच्या खोलीत चार चार जणी राहतात, आया गावी भाकरी बांधून पाठवतात, यांना दिशा शोधत फिरायला वेळ आहे का? ते भांडण मिटलं नाही. मिटवायचंही नव्हतं बहुतेक. दर आठवड्याला फोनवर बोलायला काहीतरी हवंच होतं ना.

बबे म्हणणारं आता कुणी राहिलं नाही. क्लासमध्ये मी मॅडम, इमारतीत ताई, मावशीच्या पोरांची आक्का. दोन खोल्यांत एकटी राहते, त्याची सवय आहे, त्याचं काही नाही. पण परवा आरशासमोर उभी राहून मोठ्यानं म्हटलं, बबे. कसंतरीच वाटलं.

आता त्या गोष्टीवर येते. इतकी वर्षं तू येऊ दिलं नाहीस.

भूकंप झाला तेव्हा आपण दोघंही गावात नव्हतो. तू लातूरला कॉलेजात, मी औशाला मावशीकडं गणपतीला गेलेली, चौथीतली पोर. वडील आधीच गेलेले, घरात आई एकटी. किल्लारीच्या अलीकडचं आपलं गाव त्या पहाटे आडवं झालं. तू मिळेल त्या जीपनं, ट्रकनं, शेवटी पायी, दिवस वर यायच्या आत गावात पोचलास. मला कितीतरी दिवस कुणी तिकडं नेलंच नाही. मला सगळं ऐकूनच माहीत. गावातल्या प्रत्येकानं तेच सांगितलं, वर्षानुवर्षं, तितक्याच कौतुकानं: पोरानं स्वतःची आई बाजूला ठेवली आणि गल्लीतल्या एकट्या बाईला आधी काढलं. शेवंताकाकूला. आपल्यापासून चार घरं पलीकडची, आईची मैत्रीण, मूलबाळ नसलेली विधवा. दुपारपर्यंत दगड उपसून तू तिला जिवंत बाहेर काढलंस. आईला दुसऱ्या दिवशी जवानांनी काढलं, तेव्हा ती गेलेली होती.

नवीन गाव वसलं तेव्हा तुझा सत्कार ठेवला होता. शाल आणि नारळ तिथंच खुर्चीवर ठेवून तू एसटी स्टँडवर निघून गेलास. लोक म्हणाले, केवढा साधा पोरगा. मीही तसंच समजायची. मग मोठी झाले आणि माझ्या डोक्यात तो प्रश्न बसला. तू आधी काकूला का काढलंस? आपल्या आईला सोडून?

आणि हे कुणापाशी विचारायचं? काकू तर आपल्याच घरात. पत्र्याच्या शेडमध्ये ती आपल्याबरोबर राहायला आली ती कायमची. तिनं मला वेणी घालायला शिकवली. मला न्हाण आलं तेव्हा तिनंच घाबरू नको म्हणून जवळ घेतलं. मी अकरावीला लातूरला आले तर भाड्याच्या खोलीत माझ्यासोबत येऊन राहिली, पहाटे उठून डबा करायची. तू घरी आलास की तुझं ताट वाढल्याशिवाय ती घोटभर पाणीसुद्धा प्यायची नाही. या बाईवर माझा जीव होता, दादा, आणि त्याच वेळी तिच्याकडं बघून मला वाटायचं, ही आहे म्हणून आई नाही. ताटात तिच्या हातचं धपाटं आणि मनात हे. तुला काय माहीत कसं वाटतं ते.

सोळा वर्षांची असताना एकदा नव्या घरात मी तुला मोठ्यानं विचारलं. काकू आत चुलीपाशी होती. तू खाडकन माझ्या तोंडात मारलीस. आयुष्यात त्या एकाच वेळी तू माझ्यावर हात उचललास. नंतर बाहेर नेऊन बस स्टँडवर उसाचा रस पाजलास, पण उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्यांदा विचारलं ते काकू गेली त्या दिवशी, तुझ्या नांदेडच्या घरी. ती शेवटची बोलली ते तुझ्या डोक्यावर हात ठेवून: "माझ्यापायी मायला सोडलास रं लेकरा." तू तिथून उठून गॅलरीत गेलास. मी मागोमाग आले. म्हटलं, आता तरी सांग. तू बाहेरच बघत म्हणालास, बबे, जा, तिच्या तोंडात पाणी घाल.

आता तर विचारायलाही तू नाहीस. तुझ्या चितेजवळ उभी राहून मी रडत होते, पण खरं सांगू, रागही येत होता. सगळ्या पोरांना कोडी घातलीस, शेवटी सगळ्यांना उत्तरं सांगितलीस. मला एकटीला ठेवलंस तसंच.

रविवारी बागेत बरीच माणसं आली. कुणी भाषण केलं नाही, बरं झालं. तुझी मुक्ता पुण्याहून आली होती, तिनं तू ग्रुपवर टाकलेले आकडे सगळ्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिले. मी बाकावर बसणार होते. पण एकटं राहायला बंदी हा सरांचाच नियम, असं म्हणत एका बाईनं मला ओढलं. ती देगलूरकडची, नवरा बाहेरगावी, एक लहान मुलगी. तिघी मिळून एक घर झालो. सर्वांत म्हातारी मी निघाले, म्हणून कोडं मी वाचायचं. बघ काय वेळ आणलीस.

ऊन चढलं होतं, वाळू चपलेत शिरत होती. शेवटच्या डब्यापाशी बाण नुसता गरागरा फिरायला लागला. घाटाच्या बाजूला एक चांगला मोठा दगड होता. मी वाकून त्याला हात घातला, तशी ती मुलगी माझी ओढणी धरून म्हणाली, दगड नाही उचलायचा, सरांनी सांगितलंय. मी हात काढून घेतला. मग तिची आईच म्हणाली की वर बघू या. डबा करंजाच्या फांदीला तारेनं अडकवला होता. तुझ्या त्या पीळ घातलेल्या तारेच्या गाठी! मला त्या सुटेनात, मुलीच्या आईनं सोडवल्या. मुलीनं डब्यातून शिंपला घेतला. मला ठेवायला पर्समध्ये काही सापडेना, शेवटी खडूचा तुकडा ठेवला. डबा तुझ्यासारखा लावायचा म्हटलं तर तारेचा पीळ उलटा बसला. सोडून दिला तसाच.

खेळ संपल्यावर सगळी घरं आपापल्या चटईवर बसून मुरमुऱ्यांचा सुशीला खात होती. तू असतास तर इकडून तिकडं ताटल्या वाटत फिरला असतास. मी लांब बाकावर जाऊन बसले. वहिनी दोन ताटल्या घेऊन आल्या, बसल्या, आणि खाल्लं नाही. त्यांचं माहेर मुखेडचं, एरवी बोलायला लागल्या की ऐकत राहावं. पण रविवारी त्या ताटलीत नुसती बोटं फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, एक सांगू का? त्यांनी सांगू नको म्हनले होते. पन आता ते न्हाईत, काकूबी न्हाईत. म्या एकटीनं कुठं ठिवू हे?"

मी म्हटलं, सांगा.

त्यांनी सांगितलं ते असं. तू दिशा दाखवणारा मोबाइल घेतलास त्या वर्षी वहिनीला घेऊन जुन्या गावठाणात गेला होतास. तिथं आता वेड्या बाभळी माजल्यात. पडक्या विहिरीवरून अंदाज घेत तू आपल्या घराची जागा धरलीस, तिचे आकडे मोबाइलमध्ये घातलेस. मग चालत काकूच्या जागेवर गेलास, तिचेही घातलेस. आणि तिथं मातीत बसून वहिनीला म्हणालास, मी काकूला काढायला आलोच नव्हतो. मी आईला काढत होतो.

त्या सकाळी तिथं गल्ली उरली नव्हती. वाडा, घर, देऊळ, सगळं मिळून दगड-मातीचा एकच ढीग. ज्या गल्लीत तू जन्मलास तिथं तू उभा, आणि कुठं उभा आहेस ते तुला कळेना. मग तुला ढिगातून वर आलेली एका कवाडाची हिरवी फळी दिसली. आपलं कवाड हिरवं. तू तिथंच खणायला लागलास. दादा, तो रंग! आधीच्या दिवाळीला आईनं आणि काकूनं मिळून एकच डबा आणला होता, अर्धा अर्धा. दोघी एका दुपारी पदर खोचून दोन्ही कवाडं रंगवत बसल्या होत्या, मी मधे लुडबुडत होते. औशाला मला कुणी आपल्या घराची खूण विचारली असती तर मीही हिरवं कवाड म्हणूनच सांगितलं असतं.

खालून हाका यायला लागल्या तेव्हा तू आई, आई म्हणून ओरडत होतास. आवाज आईचा नाही हे तुला लवकर कळलं नाही. कळलं तोवर हात आत पोचला होता, तिनं तुझी बोटं धरली होती. मग तिला सोडून उठायचं कसं? वहिनी म्हणाल्या, "बोटं सोडवून घेता आली न्हाईत, येवढंच सारखं म्हनत होते." काकू बाहेर आली, तुझ्या पाया पडली, म्हणाली, मायला सोडून मला काढलंस. ते शेजारच्यांनी ऐकलं आणि तेच गावभर झालं. ती त्याच्यावरच जगली पुढं. त्याच उपकाराची फेड म्हणून आपण या पोरांना सांभाळतोय, असं तिला वाटायचं. तिला कसं सांगायचं की बाई, मी चुकून आलो? आणि मला सांगितलं असतं तर सोळा वर्षांची मी ते एखाद्या भांडणात तिच्या तोंडावर फेकलं असतं. फेकलंच असतं, मला माझी जीभ माहीत आहे.

मी वहिनीला विचारलं, आई तेव्हा जिवंत होती का? वहिनी म्हणाल्या, त्यांनाबी माहीत न्हवतं, त्यांनी कधी कुनाला विचारलं न्हाई.

वहिनी उठून ताटल्या गोळा करायला गेल्या. मी बसूनच होते. मुक्ता डबे पिशवीत भरत होती, पोरं अजून एकदा, अजून एकदा म्हणून तिच्यामागं लागली होती. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी इतकी रडले की शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, भाऊ. तिनं पाण्याची बाटली दिली.

दादा, मला तुझा राग आला आहे. तो काकूसाठी केलेल्या गोष्टीचा नाही, तो एकट्यानं सोसल्याचा. काकू गेल्यानंतर तरी मला सांगायचं होतंस. मी क्लास सोडून आले असते, त्या बाभळींत तुझ्याबरोबर बसले असते. तुला वाटलं असेल, बबी म्हणेल, तू चुकलास. म्हणून सांगितलं नाहीस ना? मग आता ऐक, ऐकू येत असेल तर. तुझ्या जागी मी असते तर मीही त्याच कवाडापाशी खणलं असतं. आणि ज्या हातानं तू काकूला वर ओढलंस ना, त्या हातानं तू मला घर दिलंस. माझी वेणी कुणी घातली असती? आई गेली, ती तू काहीही केलं असतंस तरी कदाचित गेलीच असती. पण मी शाळेतून आले की दारात कुणीतरी उभं असायचं.

बरं केलंस, दादा. काकूला काढलंस, बरं केलंस.